कॉलेजचा पहिला फोन: जुना आयफोन की नवा अँड्रॉइड?

ग्रुपमध्ये सगळ्यांकडे आयफोन, म्हणून मुलं वापरलेल्या आयफोन एक्सआरचा (२०१८) हट्ट धरतात. त्याची जमेची बाजू खरी आहे: आयओएस (आयफोनची ऑपरेटिंग सिस्टीम) १४.५ पासून इतर ॲप्स-वेबसाइटवर तुमचा माग काढण्याआधी ॲपला परवानगी मागावी लागते. पण आयओएस २६ त्यावर चालत नाही. शिवाय आधीच्या मालकाचा ॲपल आयडी काढलेला नसेल, तर रीसेटनंतर ॲक्टिव्हेशन लॉक (जुन्या मालकाचाच पासवर्ड मागणारं कुलूप) आडवा येतो आणि फोन वापरताच येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी, समोरच रीसेट करून होम स्क्रीनपर्यंत नेऊन बघा.

नव्या सॅमसंग ए१६ फाइव्ह-जीला कंपनीने ६ वर्षांचे सुरक्षा अपडेट जाहीर केलेत. आमचा कौल यालाच. मात्र सेटिंग्जमधल्या गूगल विभागात जाऊन जाहिरात आयडी (जाहिरातींसाठी तुम्हाला ओळखणारा क्रमांक) स्वतःच डिलीट करावा लागतो, आणि टॉर्चसारख्या ॲपने काँटॅक्ट्स मागितले तर सरळ नकार द्या.