आयबीआरचं एलायझा किट: विट्याच्या लॅबमध्ये अकरा महिने वापरल्यावर

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात आमची जनावरांच्या तपासणीची छोटी लॅब आहे. खानापूर, कडेगाव, पलूसकडचे नमुने येतात. गाय गाभडली की शेतकरी पहिलं ब्रुसेलाचं (गाभ पाडणारा एक जिवाणू) विचारतो, आणि तो निगेटिव्ह आला की पुढे सांगायला आमच्याकडे काही नसायचं. म्हणून आयबीआरचं हे एलायझा किट घेतलं. एलायझा म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी (रोगाविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) रंगावरून ओळखणारी चाचणी.

आयबीआर (इन्फेक्शस बोव्हाइन ऱ्हायनोट्रॅकायटिस) हा बोव्हाइन हर्पिसव्हायरस-१ चा आजार. माणसाला नागीण होते त्याच कुळातला हा विषाणू, पण माणसाला लागत नाही. गाईला ताप येतो, नाकपुड्या लालभडक होतात, डोळे गळतात, दूध एकदम उतरतं आणि गाभण गाय बहुधा पाचव्या ते आठव्या महिन्यात गाभ टाकते. भारतात तो १९७६ साली उत्तर प्रदेशात पहिल्यांदा नोंदला गेला.

किट ब्लॉकिंग पद्धतीचं आहे, म्हणजे रंग उलटा वाचायचा. रक्तात अँटिबॉडी असतील तर त्या प्लेटवरच्या विषाणूच्या ‘जीबी’ नावाच्या प्रथिनाला आधीच चिकटून बसतात, किटमधल्या अँटिबॉडीला जागा उरत नाही आणि वेल (प्लेटमधला छोटा खळगा) जवळजवळ पांढरा राहतो. निगेटिव्ह वेल आधी निळा होतो, स्टॉप सोल्युशन (रंगाची क्रिया थांबवणारं द्रावण) पडलं की पिवळाधमक. पहिल्या प्लेटला आमच्या टेक्निशियनने पिवळे वेल पॉझिटिव्ह म्हणून लिहिले होते. ४५० नॅनोमीटरची रीडिंग कंट्रोलशी (ज्यांचा निकाल आधीच ठाऊक असतो असे किटमधले नमुने) ताडून बघितली तेव्हा चूक सापडली, रिपोर्ट बाहेर गेला नव्हता हे नशीब. तेव्हापासून दोन्ही कंट्रोलच्या वेलचा फोटो भिंतीवर लावलाय.

काम सोपं आहे, पण लाड फार. बोअरचं पाणी धुण्याला अजिबात चालत नाही, डिस्टिल्डच लागतं. फ्रीजमधून काढून लगेच वापरलं तर कडेचे वेल आणि मधले वेल वेगळं बोलतात. एप्रिलमध्ये एक किट आलं ते बर्फाचं पाणी झालेल्या डब्यात. निगेटिव्ह कंट्रोलला रंगच चढेना, अख्खी प्लेट वाया गेली आणि बदलून घ्यायला महिनाभर फोन करावे लागले. आता डबा कुरिअरवाल्यासमोरच उघडते. स्ट्रिपा सुट्या निघतात ही मात्र मोठी सोय, आठ-दहा नमुन्यांसाठी अख्खी ९६ वेलची प्लेट फोडावी लागत नाही.

आता खरं महत्त्वाचं. पॉझिटिव्ह म्हणजे ‘आज आजारी’ नव्हे. हा विषाणू एकदा शिरला की चेतापेशींच्या गाठींत दडून राहतो आणि वाहतूक, वेत, आजारपण असा ताण पडला की परत बाहेर पडतो. पलूसजवळच्या एका गोठ्यात लागोपाठ दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडल्या. दोघी पॉझिटिव्ह आल्या. मालक म्हणाले, “मॅडम, बाजार दाखवतो दोघींना.” मी हात जोडले. त्या गाई बाजारात गेल्या की दुसऱ्याच्या दावणीला हाच त्रास. शिवाय गाभडण्याचं कारण आयबीआरच, हे त्या एका रिपोर्टवरून मी छातीठोक सांगू शकत नव्हते. लागण होऊन काही आठवड्यांनी गाभ पडतो, तोवर अँटिबॉडी चढून बसलेल्या असतात, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी दुसरं रक्त घेतलं तरी वाढ दिसेलच असं नाही. त्याच गोठ्यात ताप आलेल्या तीन कालवडींच्या नाकातले स्वॅब बर्फावर ठेवून त्याच दिवशी पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेत पीसीआरला (थेट विषाणूच शोधणारी चाचणी) पाठवले. दोन पॉझिटिव्ह आले, तेव्हा कुठे बोलायला जमीन मिळाली. गाई विकल्या नाहीत. निगेटिव्ह जनावरं वेगळ्या शेडमध्ये बांधली आणि गावच्या वळूकडे नेणं बंद झालं.

वासरांबद्दल एक सांगते, कारण यात मीही आधी घाई केली होती. चिकाबरोबर आईच्या अँटिबॉडी वासरात येतात आणि क्वचित नऊ महिन्यांपर्यंतही सापडतात. तीन महिन्यांच्या एका कालवडीला मी पॉझिटिव्ह लिहून दिलं, घरच्यांनी तिला जवळजवळ काढलंच होतं. परत रक्त घेतलं ती दहा महिन्यांची झाल्यावर, वेल पिवळाधमक, म्हणजे निगेटिव्ह. आता सहा महिन्यांखालचा नमुना आला तर रिपोर्टवर ‘पुन्हा तपासा’ असं हातानेच लिहिते.

आटपाडीकडचे धनगर शेळ्यांचं रक्त घेऊन येतात, त्यांना या किटवर रिपोर्ट देत नाही. शेळ्यांचा स्वतःचा हर्पिसव्हायरस आहे, म्हशींचाही आहे, आणि त्यांच्या अँटिबॉडी इथे पॉझिटिव्ह दाखवू शकतात. म्हशीचा रिपोर्ट देते, पण शेतकऱ्याला समोर बसवून हे समजावूनच.

लस टोचलेल्या गोठ्यात हे किट लस आणि लागण यांत फरक करत नाही. मार्कर लस (विषाणूचं जीई प्रथिन काढून टाकलेली) असेल तर जीई प्रथिनाचं वेगळं किट लागतं. म्हणून नमुन्याच्या फॉर्मवर लसीचा रकाना वाढवला आहे. तो कोरा असेल तर नमुना लावण्याआधी गोठ्यावर फोन करते. पुढचं किट मागवलंय, थंडीत पोचेल असं बघून.