डीसी क्लॅम्प मीटर आणि ओबीडी डोंगल: पावसाळाभर वापरल्यानंतर

आमची सात आसनी डिझेल गाडी बीएस४ या जुन्या प्रदूषण-निकषाच्या काळातली आहे. इंजिन ठणठणीत, पण विजेच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ जड जायचा, सुरू करताना मधूनच एबीएसचा (ब्रेक यंत्रणेचा) दिवा लागायचा, मागच्या दाराचं लॉक मनात येईल तेव्हाच चालायचं. गॅरेजचं उत्तर ठरलेलं: बॅटरी गेली. नवी बॅटरी टाकूनही फरक पडला नाही, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर डीसी क्लॅम्प मीटर (वायर न कापता, तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) आणि ब्लूटूथचं ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावलं की दोषाचे कोड मोबाइलवर दाखवणारं) घेतलं. चिपळूणच्या दमट हवेत पावसाळाभर आणि पुढे थंडीतही दोन्ही वापरली. माझं मत स्पष्ट आहे: पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर मीटर घ्या.

घेताना एक नक्की बघा. बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात. ते घरच्या वायरिंगला चालतील, गाडीत त्यांचा उपयोग नाही. डीसी ॲम्पिअर हवेच, शिवाय छोट्या रेंजवर एक-दोन मिलिॲम्पिअरचा फरक दिसायला हवा.

डोंगलने पहिल्याच दिवशी पी०५६२ हा कोड दाखवला, म्हणजे व्होल्टेज कमी. खरं होतं, पण ते कमी का, हे कोड सांगत नाही. साधी ॲप इंजिनपुरतंच वाचतात. एबीएस किंवा एअरबॅगच्या मॉड्यूलसाठी, म्हणजे त्या भागाच्या छोट्या संगणकासाठी, बहुतेक वेळा त्या कंपनीचं सॉफ्टवेअर चालवणारा स्कॅनर लागतो. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा. त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा सप्लाय कायम असतो, त्यामुळे बंद गाडीतही ते करंट खातं.

मीटरने मात्र कारण सापडलं. गाडी लॉक केली, चावी लांब ठेवली आणि बॅटरीच्या निगेटिव्ह केबलला क्लॅम्प लावून वाट पाहिली. मॉड्यूल झोपायला अर्धा तासही लागतो, तोवरचं रीडिंग धरू नये. त्यानंतर करंट साधारण ५० मिलिॲम्पिअरच्या आत यायला हवा. आमचा ४०० च्या आसपास अडकून राहिला. ६० ॲम्पिअर-अवरची भरलेली बॅटरी या हिशेबाने १५० तासांत, म्हणजे सहा दिवसांत रिकामी होते. सेल्फ मारण्याची ताकद त्याच्या बरीच आधी संपते. नव्या बॅटरीचंही तेच होणार होतं.

करंट खाणारा चोर शोधायला फ्यूज उपटत बसू नका, मॉड्यूल पुन्हा जागे होतात. फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडी टोकं असतात, तिथे मिलिव्होल्टवर प्रोब टेकवायचे. जिथे आकडा येतो त्या लाइनवरून करंट जातोय. आमच्याकडे तो डॅशकॅम निघाला; ॲक्सेसरीवाल्याने तो कायम चालू असलेल्या लाइनवर जोडला होता. चावी फिरवल्यावरच सप्लाय येणाऱ्या फ्यूजवर तो घेतला आणि करंट ३० मिलिॲम्पिअरपर्यंत उतरला.

तरी सकाळी सेल्फ जडच होता. बॅटरी भरलेली, विश्रांतीनंतर १२.६ व्होल्ट. मग मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरा इंजिन ब्लॉकच्या घासलेल्या धातूवर धरला आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितला. ०.९ व्होल्ट! इथे ०.२ च्या वर आलं की अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडी-इंजिनशी जोडणाऱ्या पट्टीवर, संशय घ्यावा. हीच अर्थिंगची पट्टी ओहमवर मोजली तर जवळपास शून्य दाखवत होती, आणि गॅरेजमध्ये लोक इथेच फसतात. ओहम मोजताना मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो; पट्टीच्या चार तारा शाबूत असल्या तरी तो सहज जातो. सेल्फ मात्र दीडशे ॲम्पिअर किंवा जास्त ओढतो. तेवढ्यावर एका ओहमच्या हजाराव्या भागांतला अडथळाही भारी पडतो. पट्टी काढली तर नटाखाली हिरवा थर, आत तारांचा भुगा. नवी टाकली, बॉडीवरची बैठक पॉलिश पेपरने घासली, वर पेट्रोलियम जेली लावली. आता ०.१ येतं. एबीएसचा दिवाही तेव्हापासून लागलेला नाही, कारण सेल्फ मारताना व्होल्टेज तेवढं पडत नाही.

मागच्या दाराचा दोष कोडमध्ये आलाच नाही. दार आणि छत यांच्यामधल्या रबरी नळीत वायर रोज वाकतात. आत दोन तुटल्या होत्या, वरून कव्हर धड. तिथे डाग देऊ (सोल्डर करू) नका, डाग दिलेली वायर ताठ होते आणि शेजारी पुन्हा तुटते. मऊ, बहुतारी वायरचा तुकडा घालून दोन्ही जोड नळीच्या बाहेर घेतले.

मीटरच्या उणिवाही आहेत. क्लॅम्पचं शून्य सरकतं, त्यामुळे प्रत्येक रीडिंगआधी झीरोचं बटण दाबावं लागतं आणि जागा बदलली की पुन्हा. सोबतचे प्रोब आखूड आणि जाड आहेत. मगरचिमटे आणि बारीक पिना वेगळ्या घ्याव्या लागल्या.

पिवळ्या कव्हरच्या वायर आणि कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांना ओहम मीटर लावू नका, मीटरच्या करंटनेही एअरबॅग उडू शकते. तो दिवा लागला तर गाडी सरळ योग्य स्कॅनर असलेल्या ठिकाणी न्या.