गिटारचा नट बदलायचाय? मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जा

मी डावखुरा आणि गिटार उजव्या हाताची, स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) या इलेक्ट्रिक गिटारची साधी कॉपी. सांगलीत डावखुरी गिटार दुकानात टांगलेली मी तरी पाहिली नाही. त्यात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं वेड. गडी उजव्या हाताचीच स्ट्रॅट उलटी धरायचा, तारा उलट्या क्रमानं चढवायचा आणि जग हादरवायचा. म्हटलं, आपणही तसंच करू.

तारा उलट्या चढवणं सोपं, गोची होते नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्या खाचांत बसतात त्या पट्टीची. जाड तारेच्या खाचेत बारीक तार खुळखुळते, बारीक तारेच्या खाचेत जाड तार शिरतच नाही. एका दुकानानं प्लॅस्टिकचा तयार नट चिकटवून पैसे घेतले. पहिली तार खुली छेडली की नुसती झणझण.

शेवटी मिरज गाठली. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पण गिटार घेऊन जाताना जरा धाकधूकच होती. तिथल्या सतारमेकर चाचांनी तार छेडली, कान लावला आणि हसले. ‘तंबोऱ्याला जवारी लावण्यात आमचा जन्म गेला बाळ, आणि तुला ती घालवून पाहिजे?’

मग त्यांचं त्यांनाच उमगलं. तंबोऱ्याच्या घोडीवर तार सपाटीला हलकेच घासत राहते, म्हणून तो गुंजतो, हीच जवारी. गिटारच्या नटवर तारेनं पुढच्या कडेलाच सुटायला हवं, म्हणजे खाचेचा उतार मागे खुंट्यांकडे. हाडाचा तुकडा शिकंज्यात धरून त्यांनी बारीक कानशीनं एकेक खाच काढली. दोन हात मारायचे, तार चढवायची, ऐकायचं, परत उतरवायची. घाई नाही. मापपट्टीला हातही लावला नाही, सगळं कानावर. आता खुली तार स्वच्छ वाजते आणि सूर हलत नाही.

काम चालू असताना ‘हा हेंड्रिक्स कोण?’ झालंच. सांगितलं: सिअ‍ॅटलचा, जन्म १९४२. अमेरिकेत बरीच वर्षं दुसऱ्यांच्या मागे वाजवलं, १९६६ मध्ये लंडनला गेला आणि नाव झालं. सप्टेंबर १९७० मध्ये गेला, वय २७. म्हणजे गाजला तो जेमतेम चार वर्षं. वुडस्टॉक या अमेरिकेतल्या मोठ्या संगीत महोत्सवाचा समारोप त्याच्या कार्यक्रमानं झाला. रविवारी संपायचं ते लांबत गेलं, हा मंचावर आला सोमवारी सकाळी, १८ ऑगस्ट १९६९ ला. लाखोंची गर्दी तोवर बरीचशी घरी गेलेली. चाचा म्हणाले, ‘आमच्या दर्ग्यातल्या उरुसाच्या मैफलीगत. पहाटेला उरतात ते खरे ऐकणारे.’

आता तक्रारी. सांगितलेल्या दिवशी वस्तू मिळेल या भरवशावर राहू नका, सतारीची ऑर्डर आली की गिटार कोपऱ्यात. जाताना फोन कराच. वायरिंग, पिकअप (तारांचा आवाज टिपणारी चुंबकं) यांना ते हात लावत नाहीत, तसं सरळ सांगतात. आणि उलट्या गिटारचे त्रास नटनं जात नाहीत: व्हॉल्यूमचं बटण कोपराखाली येतं, मानेवरच्या वरच्या पट्ट्यांपर्यंत (फ्रेट) हात पुरत नाही. मात्र ब्रिजजवळचा (घोडीजवळचा) तिरका पिकअप उलटा झाल्यानं जाड तारांना जरा जास्त धार येते, ते मला आवडलंय.

पाचपैकी चार. गळ्यात अडकवायच्या पट्ट्याची खुंटी गिटारच्या दुसऱ्या शिंगावर घ्यायचं काम त्याच फेरीत सांगा आणि जुना नट परत मागून घ्या. गिटार विकायची वेळ आली तर लागेल.