माजघरातला कवडसा आणि ब्लेंडरचे सायकल्स

गुहागरजवळच्या एका जुन्या कौलारू घराचा होमस्टे करायचा होता आणि भिंतीला हात लावण्याआधी माजघर कसे दिसेल, हे मालकांना पाहायचे होते. त्या निमित्ताने गेले चार महिने मी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधील सायकल्स हे रेंडर इंजिन, म्हणजे त्रिमितीय रचनेवरून अंतिम चित्र (रेंडर) काढणारा भाग, रोज वापरत आहे. ब्लेंडर पूर्णपणे मोफत आहे, आणि २०११ पासून त्यात असलेले सायकल्स प्रकाशकिरण भिंतीवरून जमिनीवर, जमिनीवरून छपराकडे कसे उसळतात ते मोजत जाते. म्हणून घराच्या आतल्या दृश्यांसाठी त्याची परीक्षा प्रकाशावरच व्हायला हवी.

पहिल्या रेंडरमध्ये माजघर अंधारे वाटले म्हणून मी वाशांखाली तीन एरिया लाइट, म्हणजे सपाट चौकोनातून उजेड देणारे कृत्रिम दिवे, लावले. चित्र स्वच्छ आले, पण मालकीणबाई पाहताच म्हणाल्या, "हे आमचं घर नाही वाटत, दुकान वाटतंय." त्यांचे म्हणणे खरे होते. कोकणातल्या माजघरात उजेड येतो तो पडवीकडच्या दारातून, गजांच्या लहान खिडकीतून आणि छपरात मुद्दाम बसवलेल्या एखाद्या काचेच्या कौलातून. तिन्ही लाइट काढून मी फक्त आकाश आणि सूर्य ठेवला. सन पोझिशन या ॲड-ऑनमध्ये (ब्लेंडरला जोडायच्या पूरक सुविधेत) गावाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ भरली की सूर्य आपोआप जागेवर येतो. मे महिन्यात भर दुपारी तो जवळजवळ डोक्यावर असतो आणि कवडसा कौलाच्या बरोबर खाली पडतो. डिसेंबरमध्ये सूर्य दुपारीही क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवरच राहतो, त्यामुळे कवडसा सरकून उत्तरेच्या भिंतीकडे जातो.

या कवडशासाठी मी सर्वांत जास्त वेळ दिला आणि तो सार्थकी लागला. काचेला साधे ग्लास शेडर (पृष्ठभाग काचेसारखा दाखवणारी मांडणी) दिल्यास सूर्याचा थेट प्रकाश अडतो आणि जमिनीवर नुसते पांढरे ठिपके उमटतात. किरण कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखणारा लाइट पाथ नोड वापरून सावलीच्या किरणांसाठी काच पारदर्शक केली, तेव्हा कुठे कवडसा नीट पडला. सूर्याचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश असल्याने साडेचार मीटर उंचीवरच्या कौलातून आलेल्या कवडशाची कड चारेक सेंटीमीटर धूसर व्हायला हवी, आणि सूर्याचा कोन तेवढाच ठेवला की सायकल्स ती अगदी तशीच काढते. सारवलेल्या जमिनीवरून उसळलेल्या उजेडाने वाशांच्या पोटाला जी तपकिरी झाक येते, ती पाहून मला फार समाधान वाटले. डिफ्यूज बाउन्स, म्हणजे खडबडीत पृष्ठभागांवरून किरण किती वेळा उसळू द्यायचा तो आकडा, मुळात ४ असतात. ते ८ केल्यावर देवघराचा कोपराही उजळला.

उणिवाही आहेत. लहान खिडकीच्या खोलीत नॉइज, म्हणजे चित्रातले दाणेदार ठिपके, फार येतो. खिडकीएवढा एरिया लाइट पोर्टल म्हणून (बाहेरचा उजेड कुठून येतो ते सायकल्सला दाखवण्यासाठी) लावल्याने तो बराच कमी होतो, पण वेळ लागतोच. हे ठिपके पुसणारा डीनॉइजर भिंती सुरेख गुळगुळीत करतो. मात्र त्याच झटक्यात सारवणातले बोटांचे फराटे पुसून टाकतो, म्हणून सॅम्पल, म्हणजे प्रत्येक बिंदूसाठी तपासल्या जाणाऱ्या किरणांची संख्या, वाढवण्यात कंजुषी करू नये.

रात्रीच्या दृश्यात दिव्याचा रंग केल्विनमध्ये (रंग-तापमानाच्या एककात) देता येतो आणि पिवळ्या बल्बसाठी २७०० पुरेसे होते. खोक्यावर ९ वॅट लिहिले आहे म्हणून येथेही ९ भरू नये, कारण ब्लेंडरमधला वॅट बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा असतो, खर्च होणाऱ्या विजेचा नव्हे. मला २ च्या आसपासचा आकडा योग्य वाटला.

२०२३ च्या ४.० आवृत्तीपासून आलेल्या एजीएक्स या रंग दाखवण्याच्या पद्धतीमुळे दारातला प्रखर उजेड एकदम पांढराफटक होत नाही आणि उन्हातला जांभा भडक नारिंगी दिसत नाही. आमच्या लाल चिऱ्यांसाठी ही सुधारणा फार मोलाची आहे.

पावसाळ्याचे दृश्य मात्र वेगळेच करावे लागते. सायकल्सचे स्काय टेक्स्चर, म्हणजे तयार कृत्रिम आकाश, निरभ्र आकाशाचे आहे, त्यात ढग नाहीत. त्यासाठी मी सूर्य पूर्ण बंद केला, पॉली हेवन या संकेतस्थळावरचा ढगाळ आकाशाचा मोफत एचडीआरआय (दृश्याला उजेडही देणारे सभोवतालचे छायाचित्र) लावला आणि एक्स्पोजर थोडे वाढवले. कवडसा गेला, सावल्या विरल्या, आणि दाराच्या उंबऱ्यापाशी ओलसर करडा उजेड रेंगाळू लागला. मालकीणबाईंनी होमस्टेच्या माहितीपत्रकासाठी हेच चित्र निवडले.