तपकीर गल्लीतला अडॅप्टरवाला: लोड लावून माल देणारं दुकान

ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि गिटार दोन्ही सांभाळतो, त्यामुळे अडॅप्टर हा माझ्या घरातला कायमचा खर्च आहे. कंपनीचा ओरिजिनल मिळेलच असं नाही आणि मिळाला तर किंमत ऐकून पेडलच (गिटारचा आवाज बदलणारं, पायाने दाबायचं यंत्र) विकून टाकावंसं वाटतं. मग पुण्यातली बुधवार पेठ, तपकीर गल्ली. तिथे ‘नऊ व्होल्ट द्या’ म्हटलं की बहुतेक दुकानदार हाताला येईल ते पुढे सरकवतात. मी जातो त्या दुकानातले काका मात्र आधी विचारतात, “मशीन आणलंय? नाही? मग मागच्या पट्टीचा फोटो दाखवा.”

आणि ते बरोबरच आहे. यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डांना १२ व्होल्ट लागतात, पिनेच्या आत प्लस. बॉसच्या पेडलला ९ व्होल्ट आणि आत मायनस. पिन पाहून काही कळत नाही. झूमचा एच४एन रेकॉर्डर ५ व्होल्टवर चालतो, त्याच कंपनीची गिटार पेडल्स ९ वर. उलटी पोलॅरिटी गेली, म्हणजे प्लस-मायनसची अदलाबदल झाली, तर काही यंत्रं नुसतीच गप्प बसतात, कारण आत उलटा करंट अडवणारा डायोड असतो. ज्यात तो नसतो त्यांचा खर्च वेगळा. ॲम्पिअरचं मात्र उगाच टेन्शन घेतात लोक. पेडलला २०० मिलिॲम्पिअर हवेत आणि अडॅप्टर २ ॲम्पिअरचा आहे, तरी काही बिघडत नाही, ते हवा तेवढाच करंट ओढतं. कमी पडला तर त्रास.

या दुकानाची खरी कमाल काउंटरवर आहे. एका लाकडी फळीवर १८ ओहमचा जाडजूड रेझिस्टर ठोकलाय. अडॅप्टर त्याला जोडायचा, म्हणजे साधारण अर्धा ॲम्पिअर ओढला जातो (हाच लोड), आणि मीटर तुमच्याकडे वळवायचा. दीडशे रुपयांचा, ‘९ व्होल्ट २ ॲम्पिअर’ छापलेला माल नुसता असताना ९.१ दाखवत होता, लोड लावताच ७.६ वर आला. दुसरा, साडेतीनशेचा, ८.९ वर टिकून राहिला. मी साडेतीनशेचाच घेतला, हे सांगायला नको. त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरो) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही होता. जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर याच्या उलटा वागतो: लेबलवर ९ आणि लोड नसताना मीटरवर १३. नाजूक यंत्राला असला लावू नका, हेही काकांनीच सांगितलं.

डिजिटेकच्या जुन्या व्हॅमीला (सूर वरखाली करणारं पेडल) ९ व्होल्ट एसी लागतं. डीसी नव्हे, एसी. बाकीच्या दुकानांत ‘असं काही नसतं हो’ असं उत्तर मिळतं. इथे ट्रान्सफॉर्मर बसवून बनवून देतात. डबा मात्र जेवणाच्या डब्याएवढा आणि वायर आखूड. चांगलाच गरमही होतो, त्यामुळे मी तो मॅटिंगवर न ठेवता स्टँडला बांधतो.

आता तक्रार. एसएमपीएस, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवाल्यापेक्षा हलका आजकालचा अडॅप्टर, डिस्टॉर्शनच्या (आवाज खरखरीत करणाऱ्या) पेडलला लावला की बारीक शिट्टी येते की नाही, हे मीटर सांगत नाही आणि काकाही तपासत नाहीत. ॲम्प्लिफायर लावून ऐकवण्याची सोय असती तर हे दुकान गल्लीत एक नंबर ठरलं असतं. एकाच अडॅप्टरवरून डिस्टॉर्शन आणि डिजिटल डिले चालवणाऱ्यांनी तर इथे येऊच नये. त्यांना प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला पॉवर सप्लाय लागतो, तो वाद्यांच्या दुकानातच मिळेल.

दुपारी जेवायला शटर खाली असतं. बिल मागितलं तरच मिळतं. सहा महिन्यांची वॉरंटी तोंडी, पण अडॅप्टरवर मार्करने तारीख लिहून देतात आणि ती पाहून बदलूनही देतात. माझा एक दिलाय.