डोंगरउताराचं पड रान: जनावरं मोकळी सोडायची, बांधून घालायची का फिरवून चारायची?

आमच्या दाजींनी खटावकडं डोंगराच्या पायथ्याला ४ एकर पड रान घेतलंय, वरचा दीड एकर चांगलाच उभा उतार, खालचं जरा सपाटीला, माती वीतभरसुद्धा नाही आणि खाली सगळा मुरूम. घरी २ गाई, १५ शेळ्या. त्यांचा प्रश्न सरळ आहे, पाऊस झाला की जनावरं वर सोडू का नको? माण, खटाव, आटपाडी, जत सगळीकडं हाच प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी मोकळी चराई, कारण बहुतेक लोक तेच करतात. खर्च शून्य, एक माणूस काठी घेऊन गेला की झालं. पण उतारावर होतं काय ते नीट बघा. पहिल्या पावसानंतर १०-१५ दिवसांत गवताचा कोंब वर येतो, तो मुळात साठवलेल्या अन्नावर आलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच आपण जनावरं सोडतो कारण उन्हाळाभर वैरण संपलेली असते. कोंब खाल्ला, परत आला, परत खाल्ला, असं तीन-चार वेळा झालं की मूळच मरतं. अर्ध्याहून जास्त पाला गेला की गवत मुळं वाढवायचं थांबवतं, आणि उतारावरची माती धरून ठेवणारी तीच मुळं असतात हो. आणि जनावर चवीनं खातं. मारवेल, पवन्या, डोंगरी असलं चांगलं गवत आधी जातं, मागं राहतो तरवड, घाणेरी, टाकळा आणि टोचणारं कुसळी गवत. दहा वर्षांनी लांबून डोंगर हिरवाच दिसतो पण त्यात जनावराच्या तोंडाला लागण्यासारखं काही नसतं.

दुसरं नुकसान खुरांचं. ओल्या मातीवर गाय चालली की माती दबते, मग पाणी मुरत नाही, वरनं वाहतं. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर ते साधारण १ लाख लिटर पाणी होतं, ते मुरलं तर विहिरीला, नाही मुरलं तर माती घेऊन ओढ्याला. नुसता १ मिलिमीटर थर गेला तरी एकरी ५ टन माती गेली, आणि डोळ्याला ते कळत पण नाही. जनावरांच्या पायवाटा उताराला आडव्या असतील तर एकवेळ चालतं, पण पाण्यावर जायची सरळ खाली उतरणारी वाट असली ना की दोन पावसाळ्यांत तिची ओघळ होते, मग घळ. आमच्या जुन्या रानात अशी घळ आज पुरुषभर खोल आहे आणि ती सुरू झाली होती गुरांच्या वाटेवरनं, हे वडलांनी डोळ्यानं बघितलंय.

आता चराईबंदी, म्हणजे एकही जनावर आत नाही, गवत कापून गोठ्यात घालायचं. हिवरे बाजारनं हेच केलं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी एकत्र, आणि डोंगर हिरवा केला. उभ्या उतारावर याला तोड नाही. त्यात पाणी मुरवायला चर काढलेले असतील तर बंदी पाहिजेच, २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या टायमाला आपल्याकडं किती जणांनी उन्हात घाम गाळून चर काढले, पण त्याच्या मातीच्या बांधावर पहिल्याच वर्षी शेळ्या चढल्या की बांध ढासळतो आणि चर बुजतो. अडचण एवढीच की कापायला माणूस लागतो, आणि खरं सांगायचं तर विळा आणि डोक्यावरचा भारा घरातल्या बायकांच्याच वाट्याला येतो, त्यामुळं हा निर्णय दाजींनी एकट्यानं घेऊ नये, ताईला विचारूनच घ्यावा.

आणि बंदी केली पण कापलंच नाही तर? मग वाळलेल्या गवताचा थर साठतो, खालच्या नव्या कोंबाला ऊन मिळत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणीतरी काडी लावतं. वणवा लागून गेलेल्या डोंगरावर कुसळीच जोर धरते, उघडी पडलेली माती पुढच्या पावसात जाते. कास पठारावर पण कुंपण घातल्यावर चराई थांबली, गवत उंच वाढून फुलं दबतात अशी चर्चा झाली आणि पुढं कुंपण काढलं. अर्थात कास म्हणजे जांभ्याचं सपाट पठार आणि तिथला पाऊस वेगळा, माणदेशातल्या मुरमाला तो हिशोब जसाच्या तसा लावू नका. पण चरणं बंद केलं म्हणजे सगळं आपोआप सुधारतं असं नाही, एवढं त्यातनं घेता येतं.

तिसरा मार्ग, फिरवून चारणं. रानाचे सात-आठ तुकडे करायचे, एकात जनावरं ४-५ दिवस, मग तो तुकडा महिनाभर बंद. आपले धनगर लोक मेंढरं घेऊन फिरतात त्यात हेच आहे, कळप एका जागी थांबत नाही. तुकडे पाडायला तारेत विजेचा हलका झटका सोडणारं झटका मशीन परवडतं, नाहीतर बांधावर घायपात लावा. पण हिशोब आधी करा. मुरमाच्या रानात एकरी १ टन वाळलं गवत निघेल असं धरा, ४ एकराचं ४ टन, त्यातलं निम्मं जागेवर ठेवायचं, उरलं २ टन. गाईला दिवसाला १० किलो आणि शेळीला एक-सव्वा किलो सुकं धरलं तर दाजींच्या गोठ्याला रोज ३६-३७ किलो लागतं, म्हणजे हे रान जेमतेम ५५ दिवस पुरतं. वर्षभर त्याच्यावर जनावरं जगवायची म्हणाल तर कुठलीच पद्धत टिकणार नाही, खाली विहिरीवर १० गुंठे नेपिअर गवत आणि ज्वारीचा कडबा लागणारच.

जनावरागणिक पण फरक आहे. गाय जिभेनं गवत ओढून तोडते, दोन-तीन बोटं बुडखा राहतो. मेंढरू पार मातीला लागून खातं. शेळीचा डोळा झुडपावर, ती बोर-बाभळीचा शेंडा उडवते, म्हणून नवी झाडं लावलेल्या रानात शेळी नकोच.

माझं मत विचाराल तर वरच्या दीड एकरात बंदी, गवत फुलोऱ्यात आलं की कापायचं, कारण पुढं त्यात सत्त्व राहत नाही आणि कुसळं झाली की मेंढरा-शेळ्यांच्या तोंडात टोचतात. खालच्या अडीच एकरात फिरती चराई, पण बेंदूर होईपर्यंत एकही जनावर आत नाही, तेवढा महिना-दीड महिना गोठ्यात कसाही काढायचा. रान उघडं पडलेलं असेल तर पहिली दोन वर्षं खाली पण बंदी आणि जूनमध्ये स्टायलो (शेंगवर्गीय चारा) आणि मारवेलचं बी फेकायचं. गाईंची पाण्याची वाट आत्ताच आडवी वळवून घ्या.

आणि दाजी, मे महिन्यात उतारावर चार-पाच ठिकाणी हातभर लांबीच्या सळया ठोका, मातीला लागून ऑइलपेंटची खूण करा, दोन बंदीच्या भागात, दोन-तीन चराईच्या. दिवाळीला जाऊन खूण मातीच्या किती वर आलीय ते पट्टीनं मोजा आणि मला फोन करा, मग पुढच्या वर्षी शेळ्या किती ठेवायच्या ते ठरवू.