अरेस्टर, अर्थिंग आणि एअरफोर्सवाले काका: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कामाचा रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. सोलापुरातल्या आमच्या कारखान्याला आकाशातल्या विजेपासून वाचवायला अरेस्टर (छपरावरची वीज पकडणारी सळई) आणि अर्थिंग करून घेतलं. काम एक नंबर, वेळ पाळण्याच्या नावाने बोंब, आणि बिलाचा कागद बघून आमच्या सीएने डोक्याला हात लावला. पाचपैकी चार. ज्यांनी काम केलं त्या काकांचं नाव टाकत नाही कारण त्यांनीच टाकू नका म्हणून सांगितलंय, हाताखाली दोनच पोरं आहेत आणि आहे तेच काम उरकत नाही म्हणाले.

आता सविस्तर. आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे, मागे पत्र्याची शेड, पुढे दोन मजली आरसीसी ऑफिस, वर पाण्याची टाकी. जुने साधे माग होते तोवर विजांचं काही टेन्शन नव्हतं, लाइट गेली तर गेली. रॅपिअर (धोट्याशिवाय चालणारे वेगवान माग) आले, नक्षी विणणारं इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं आणि सगळा जीव त्यांच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या कार्डात जाऊन बसला. एप्रिल-मेमध्ये वळीव सुरू झाला की एमआयडीसीत कुणाचं ना कुणाचं कार्ड उडतंच, आणि त्यासाठी वीज डोक्यावर पडायला लागत नाही, लांबच्या लाइनवर पडली तरी तारेतून आत येते. परतीच्या पावसात परत तेच. म्हणून एकदाचं नीट करून घेऊ म्हटलं.

कोटेशनं मागवली तर पहिले जे आले त्यांनी चकचकीत ब्रोशर टेबलावर ठेवलं. छपरावर एकच डबा बसवायचा म्हणे, अर्ली स्ट्रीमर का काय, आणि १०७ मीटरपर्यंत सगळं कव्हर, शेजाऱ्याचा कारखानासुद्धा फुकटात वाचणार. ऐकायला भारी वाटतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे डबे फ्रान्सच्या एनएफ सी १७-१०२ नावाच्या स्टँडर्डवर विकले जातात, पण आपल्याकडे जे आयएस/आयईसी ६२३०५ चालतं त्यात डब्याला साध्या सळईपेक्षा जास्त कव्हर धरतच नाहीत, आणि बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे की खऱ्या ढगाखाली तो साध्या सळईपेक्षा वेगळा वागत नाही. आपल्या स्टँडर्डमधली पद्धत मला पटली: एक मोठा काल्पनिक चेंडू घ्यायचा, आपल्यासारख्या साध्या बिल्डिंगला त्याची त्रिज्या ४५ किंवा ६० मीटर धरतात, आणि तो सगळ्या छपरावरून लोळवायचा. जिथे जिथे चेंडू टेकेल तिथे वीज पडू शकते, म्हणून तिथे सळई किंवा तार पाहिजे. यात ब्रोशरवाली जादू नाही, सरळ भूमिती आहे.

दुसरे आले ते म्हणाले छपरावर जायची गरज नाही, नवीन खड्डा मारू, केमिकल अर्थिंग करू, काम संपलं. हे खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून मग मीटर लावणाऱ्यांपैकी निघाले. मीटर अर्थिंगचा विरोध ओहममध्ये दाखवतो, कमी तेवढा चांगला, आणि ओल्या मातीत तो फसवा कमी दिसतो. शेजारच्या युनिटमध्ये त्यांनी रीडिंग घेतलं तेव्हा खड्डा तुडुंब होता, मी स्वतः बघितलंय.

मग एका ओळखीच्या वायरमनने काकांचा नंबर दिला. एअरफोर्समधून रिटायर, सगळी नोकरी ग्राउंडवर विमानांच्या इलेक्ट्रिकलमध्ये. आले तर छपराकडे बघेचनात. डीबी (लाइट वाटून देणारा बोर्ड) कुठंय, बोअरची केबल कुठून येते, इंटरनेटची वायर कुठून आत घेतलीय, सीसीटीव्हीचा डीव्हीआर कशावर चालतो, जनरेटरचं अर्थिंग वेगळं का, एवढंच विचारत फिरले. आमच्याकडे तेव्हा तीन अर्थिंग होती, तीन वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी केलेली, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मला तर वाटायचं की वेगवेगळी म्हणजे जास्त सेफ.

काका म्हणाले, "मालक, मला एक सांगा, विमानाला अर्थिंगचा खड्डा कुठं असतो?"

आता यावर काय बोलणार. मग चहा येईपर्यंत त्यांनी जे समजावलं त्यासाठीच खरं तर मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

प्रवासी विमानावर वर्षातून साधारण एकदा वीज पडते, आणि बहुतेक वेळा विमान ढगात घुसल्यामुळेच ती सुटते. जमिनीशी काही कनेक्शन नाही तरी आतला माणूस चहा पीत असतो. कारण विमानाचं सगळं अंग एकमेकाला बांधलेलं असतं. अॅल्युमिनियमचा पत्रा, दरवाजे, पंखाचे हलणारे भाग, टाकीची झाकणं, सगळ्यांना पट्ट्यांनी जोडतात, त्याला बाँडिंग म्हणतात. वीज नाकावर किंवा पंखाच्या टोकावर शिरते, बाहेरच्या कातडीवरून वाहते आणि दुसऱ्या टोकाने निघून जाते. सगळं अंग एकदमच हजारो-लाखो व्होल्टवर चढतं आणि एकदमच उतरतं, त्यामुळे दोन भागांत फरक पडत नाही, आणि फरक नाही तर ठिणगी नाही. बोइंग ७८७ निम्म्याच्या आसपास कार्बन फायबरचं आहे आणि कार्बन काही अॅल्युमिनियमसारखा करंट वाहून नेत नाही, तर त्याच्या कातडीत मुद्दाम धातूची बारीक जाळी घालतात.

हे सगळं फुकट शिकलेले नाहीत लोक. ८ डिसेंबर १९६३ ला पॅन अॅमचं ७०७ अमेरिकेत मेरीलँडमधल्या एल्कटनजवळ लँडिंगच्या परवानगीची वाट बघत आकाशात घिरट्या घालत होतं, वीज पडली, डाव्या पंखाच्या टोकाकडच्या टाकीतली इंधनाची वाफ पेटली, ८१ माणसं गेली. तिथून पुढे टाक्यांच्या डिझाइनकडे सगळं जग गंभीरपणे बघायला लागलं. १९६९ ला अपोलो १२ ला तर उड्डाण झाल्यावर साडेछत्तीस सेकंदांनी एकदा आणि बावन्न सेकंदांनी परत एकदा असा दोनदा झटका बसला, रॉकेट आणि मागचा गरम धूर मिळून एक लांबच लांब सळईच झाली होती. नासाने तर १९८० ते ८६ मध्ये एक एफ-१०६ फायटर मुद्दाम वादळात घालून त्याच्यावर ७१४ वेळा वीज पाडून घेतली, मोजमापासाठी. काका हे सांगताना असे रंगतात की पोरं वर शिडीवर ताटकळत उभी, हे पण रिव्ह्यूत लिहायलाच पाहिजे. आपल्या सोलापूरचं पण त्यांनी काढलंच, २०१८-१९ ला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने कृत्रिम पावसाच्या अभ्यासासाठी इथल्या ढगांत विमानं घातली होती ते.

तर मुद्दा कारखान्याचा. काकांनी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. साधारण विजेचा करंट ३०,००० अँपिअर धरा. अर्थिंग एकदम झकास आहे, ५ ओहम. गुणाकार करा, दीड लाख व्होल्ट. म्हणजे खड्डा कितीही भारी मारा, त्या क्षणाला तुमचा सगळा कारखाना दीड लाख व्होल्टवर चढणार. आता डीबीचं अर्थिंग या खड्ड्यावर, मशीनचं त्या खड्ड्यावर आणि इंटरनेटची तार तिसरीकडून आलेली, तर हा दीड लाखाचा फरक कुठे फुटणार? कार्डात. बाकी कुठे रस्ताच नाही. तीन खड्डे म्हणजे तीन वेगळे देश आणि मधे आमचं रॅपिअरचं कार्ड, सीमेवर उभं.

इथे मला पटलं. छपरावरची सळई आग लागू नये म्हणून, भिंत फुटू नये म्हणून. कार्ड वाचवायचं काम विमानासारख्या बांधणीचं आणि सर्ज प्रोटेक्टरचं, म्हणजे तारेतून येणारा झटका अर्थिंगकडे वळवणाऱ्या उपकरणाचं. आणि बाजारात विकायला मिळते ती फक्त सळई, कारण तीच लांबून दिसते.

मग काम काय केलं ते. तिन्ही खड्डे जमिनीखालून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्टीने जोडून शेडभोवती रिंग केली. शेडचे लोखंडी खांब, बोअरचा पाइप, जनरेटरची बॉडी, केबल ट्रे, सगळं ऑफिसमधल्या एका पट्टीवर आणलं. तांबं लावा म्हणून मीच मागे लागलो होतो, तर काका म्हणाले मालक, एमआयडीसीत बाहेरच्या भिंतीवर तांबं लावलं तर वीज पडायच्या आधी ते भंगारात पडेल. उतरणाऱ्या पट्ट्या सरळ खाली आणल्या, काटकोनात कुठे मोडल्या नाहीत, कारण विजेचा करंट इतक्या झटक्यात चढतो की तीक्ष्ण वळणावर तो पट्टी सोडून उडी मारू शकतो. छपरावर पण त्यांनी नुसता पत्रा पुरेल असं म्हटलं नाही. पातळ पत्र्यावर वीज पडली तर भोक पडून तापलेला धातू खाली गळतो, आणि खाली आमच्याकडे कापसाची रुई बसलेली असते, म्हणून पत्र्याच्या वर सळया उभ्या केल्या.

डीबीत सर्ज प्रोटेक्टर बसवला. यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, बॉक्सवर १०/३५० लिहिलेला असेल तर तो खऱ्या विजेच्या करंटसाठी टेस्ट केलेला, आणि ८/२० वाला त्याच्या पुढच्या पायरीवरचा. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात आणि किंमत बघून माणूस दुसरा उचलतो. मेन पॅनेलला पहिला, मशीनच्या पॅनेलला दुसरा. आणि त्याच्या वायरी अर्ध्या मीटरच्या आत पाहिजेत. आमच्या वायरमनने छान गुंडाळी करून क्लिपा मारून ठेवल्या होत्या, दिसायला सुंदर, काकांनी सगळं कापून आखूड केलं.

मातीबद्दल. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, मग खडक. काळी माती ओली असली की रीडिंग मस्त येतं, मे महिन्यात भेगा पडल्या की रॉड आणि माती यांच्यात फट पडते आणि रीडिंग कुठल्या कुठे जातं. काकांनी बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरलं आणि फायनल रीडिंग पावसानंतर घ्यायला साफ नकार दिला, उन्हाळ्यात येऊन कोरड्या मातीत घेतलं. १० ओहमच्या आत पाहिजे असतं, चांगलंच आत आलं.

स्टॅटिकचं, म्हणजे घासून साठणाऱ्या विजेचं काम मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच काढलं. उन्हाळ्यात दुपारी हवा कोरडी ठाक असते तेव्हा पॉलिस्टर मिक्स धागा चालला की शेडमध्ये हात लावीन तिथे चटका बसतो, धागे एकमेकाला चिकटतात, रुई मशीनला चिकटते. माणसाला चटका जाणवायलाच तीनेक हजार व्होल्ट लागतात, पण कार्डावरचा नाजूक पार्ट त्याच्या कितीतरी खालीच मरतो, म्हणजे हात लावणाऱ्याला कळत पण नाही. विमानात इंधन भरताना नळी लावायच्या आधी टँकर आणि विमान वायरने जोडतात, कारण पाइप आणि फिल्टरमधून वाहणारं इंधनच चार्ज होतं, तोच हिशोब इथे. पंखाच्या मागच्या कडेला ज्या बारीक काड्या दिसतात त्या वीज अडवायला असतात असं मला वाटायचं, तर त्या स्टॅटिक हळूहळू हवेत सोडायला असतात, नाहीतर पायलटच्या रेडिओत खरखर. आमच्याकडे मशीनच्या बॉडी बांधल्या, कार्ड बदलणाऱ्यासाठी मनगटाचा पट्टा दिला, आणि हवा कोरडी पडू नये म्हणून पाण्याचा फवारा चालू ठेवा म्हणाले. फवारा मोटरच्या खर्चाला घाबरून दुपारी बंद असायचा, आता बंद करत नाही.

आता तक्रारी. सोमवार म्हणजे काकांच्या भाषेत कुठलाही सोमवार. फोन उचलत नाहीत, रात्री नऊनंतर स्वतः करतात आणि मग अर्धा तास. खड्ड्यांवरची सिमेंटची झाकणं पोरांनी अशी बसवलीत की टेम्पो गेला की खडखडतात. बिल एका ओळीत, "अर्थिंग व अरेस्टर काम", बास. रिपोर्ट हाताने लिहिलेला, इन्शुरन्सवाल्याने तो बघून परत टाइप केलेला मागितला. खर्च मात्र डबेवाल्यांच्या कोटेशनच्या निम्म्याच्या आसपास झाला, सर्ज प्रोटेक्टर धरून.

फायदा झाला का, तर वळवाचा एक सीझन कार्ड न उडता गेला. त्यावरून काही सिद्ध होत नाही, तो सीझन कदाचित तसाही गेला असता. पण आधी विजा चमकल्या की जॉबर (माग सांभाळणारा मिस्त्री) मेन स्विच पाडायला पळायचा, ते बंद झालंय. मोबाईलवर आयआयटीएमचं दामिनी अॅप ठेवलंय, आजूबाजूच्या २० ते ४० किलोमीटरातल्या विजा दाखवतं, फुकट आहे. त्याचा उपयोग माणसांसाठी, अलर्ट आला की छपरावर कुणाला चढू देत नाही.

ज्यांना करून घ्यायचंय त्यांनी कुणालाही बोलवा, फक्त तो माणूस आल्यावर आधी छपराकडे बघतो का इंटरनेटच्या वायरीकडे ते बघा. आमची सीसीटीव्हीची गेटवरची लाइन अजून बांधायची राहिलीय, काका सोमवारी येतो म्हणालेत.